जुन्या स्विफ्टचे स्पीकर बदलायचे आहेत, पण वॅट बघून नाही

प्रश्न थोडक्यात असा: बाबांची २००८ ची स्विफ्ट डिझेल पहिल्यापासून रत्नागिरीत आहे. मागच्या ट्रेवर गाडी घेतानाच बसवून घेतलेले ओव्हल स्पीकर आता फरफरतात. पुढच्या डाव्या दारातला स्पीकर मधूनच बंद पडतो. बाबा नाट्यसंगीत आणि अभंग ऐकतात, हल्ली ‘शब्दच कळत नाहीत’ म्हणतात. दुकानदाराने ५०० वॅटचे नवे ओव्हल, अ‍ॅम्प्लिफायर आणि वूफर (खालच्या आवाजाचा मोठा स्पीकर) मिळून १८ हजारांचं कोटेशन दिलं आहे. घ्यावं का? की इतक्या जुन्या गाडीवर खर्चच करू नये?

ताई, हे कोटेशन घेऊ नका, पण खर्चाला नाही म्हणू नका. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण पाच वर्षांसाठी होतं. ते करून घेतलं असेल तर बाबा ही गाडी अजून बराच काळ चालवणार आहेत, आणि गाडीत बसल्यावर रोज जे ऐकायचं ते नीट ऐकू यायला हवं. मी कोल्हापुरात २२ वर्षं गाड्यांच्या साउंडचं काम करतोय. कोकणातून आंबा घाट चढून येणाऱ्या जुन्या गाड्या माझ्याकडे भरपूर येतात. त्यांची दुखणी बरीचशी सारखी असतात आणि वॅट वाढवून ती जात नाहीत.

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य बाबांचं आहे. ‘आवाज कमी येतो’ असं ते म्हणत नाहीत, ‘शब्द कळत नाहीत’ म्हणतात. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

गाणाऱ्याचा स्वर खालच्या आणि मधल्या पट्टीतून येतो, पण शब्द ओळखू येतो तो व्यंजनांमुळे. स, श, च, त यांची जी धार असते तिचा मोठा भाग २,००० हर्ट्झच्या वर असतो. हा वरचा आवाज सरळ रेषेत जातो, वाटेत काही आलं की अडतो. दारातला स्पीकर असतो पिंढरीच्या उंचीवर. त्यातून निघालेली ती धार पँट आणि सीटचं कापड शोषून घेतं. मागच्या ट्रेवरच्या ओव्हलचा आवाज डोक्यामागून, मागच्या सीटची पाठ ओलांडून येतो. त्यात वय वाढलं की कानाची ताकद आधी याच वरच्या पट्टीत कमी होते. डिझेल इंजिनाची आणि टायरची घरघर खालून भर घालते. मग माणूस आवाज वाढवतो, आणि वाढतो तो नेमका खालचा घुमारा. ५०० वॅटचे ओव्हल आणि वूफर लावलेत तर हेच दुखणं आणखी मोठ्याने ऐकू येईल.

म्हणून माझं सरळ मत असं: पैसा पुढच्या दोन दारांवर आणि बाबांच्या कानासमोर बसणाऱ्या दोन छोट्या ट्विटरवर (फक्त वरचा, धारेचा आवाज देणाऱ्या छोट्या स्पीकरवर) घालायचा. मागचं सगळं काढायचं.

पण नवं काही घेण्याआधी एक सकाळ तपासणीला द्या. एक साधा मल्टिमीटर, एक पेन्सिल सेल, टॉर्च आणि स्क्रू-ड्रायव्हर पुरे. स्टीरिओच्या बॅलन्स (डावा-उजवा) आणि फेडर (पुढचा-मागचा) सेटिंगने एकेक कोपरा वेगळा ऐका, कोणता स्पीकर काय करतो ते लिहून ठेवा. ऐकताना रेडिओ नको, ओळखीचं एकच गाणं लावा.

मागच्या ओव्हलची जाळी काढून कोनाच्या (हलणाऱ्या पडद्याच्या) कडेची गोल पट्टी बोटाने हलकेच दाबा. ती फोमची असेल तर बहुधा तुकडे बोटाला लागून येतील. दमट हवेत फोम आतून विरत जातो आणि मागच्या काचेतून येणारं ऊन ते काम आणखी लवकर करतं. पट्टी फाटली की कोन वाकडा हलतो, आतली कॉइल (तारेचं वेटोळं) घासते, आणि तुम्हाला ऐकू येते ती हीच फरफर. चांगल्या मॅग्नेटचा स्पीकर असेल तर नवी पट्टी बसवून मिळते. लग्नाकार्यातल्या साउंडवाल्यांचे स्पीकर दुरुस्त करणारे कारागीर प्रत्येक मोठ्या गावात असतात, पुण्यात तपकीर गल्लीत चौकशी केलीत तरी पत्ता मिळेल. तुमच्या बाबतीत मात्र मी ते करणार नाही, कारण स्पीकर धडधाकट झाला तरी जागा चुकीचीच राहते. हॅचबॅकचा ट्रे पातळ असतो, स्पीकरबरोबर तोही थरथरतो. डिकी उघडली की ट्रे वर उचलला जातो, दर वेळी वायर ताणली जाते. आणि जोरात ब्रेक लागला तर ते दोन जड मॅग्नेट मागच्या माणसाच्या डोक्याच्या रेषेत असतात. हे शेवटचं कारण मला एकटंच पुरेसं वाटतं.

आता डावं दार. मधूनच बंद पडणारा स्पीकर म्हणजे स्पीकर गेला, असं धरून चालू नका. माझ्या अनुभवात अशा तक्रारीत वायरच जास्त वेळा सापडते. दार आणि बॉडी यांच्यामध्ये बिजागरीपाशी एक रबरी बेलो असतो, वायरी त्यातून दारात जातात. इतकी वर्षं रोज दार उघडून मिटून वायर त्याच जागी वाकते. आतली तांब्याची तार तुटते, वरचं प्लास्टिक तसंच राहतं, त्यामुळे बघून काही कळत नाही. समुद्राच्या हवेत तांबं हिरवट-काळं पडतं ते वेगळंच. गाणं चालू ठेवून दार सावकाश उघडा-मिटा, बेलो हाताने हलवा. आवाज येतो-जातो असं झालं तर दोष सापडला. तेवढा तुकडा बदलून घ्या. जोड बेलोच्या आत ठेवायचा नाही, बॉडीच्या किंवा दाराच्या आत, जिथे वायर वाकत नाही तिथे ठेवायचा.

वायर ठीक निघाली तर स्पीकरची दोन टोकं सोडवून मल्टिमीटर लावा. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ३.२ ते ३.८ दाखवतो. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली. शून्याच्या जवळ दाखवलं तर कॉइल शॉर्ट झाली आहे, तो स्पीकर स्टीरिओला परत जोडू नका, स्टीरिओचा आयसी (आतली चिप) जाईल. मग दोन्ही हातांची बोटं कोनावर समान ठेवून हलकेच आत दाबा. खरखर जाणवली तर कॉइलच्या फटीत गंज किंवा माती आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर माझ्याकडे आलेल्या कितीतरी गाड्यांत स्पीकर वरून कोरडे ठणठणीत दिसत होते, पण कोन दाबला की खरखर. तसा स्पीकर वाळवून सुधारत नाही.

आणखी एक तपासणी जुन्या गाडीत मी कधीच सोडत नाही. स्पीकर आणि स्टीरिओ दोन्ही सोडवून प्रत्येक वायर गाडीच्या बॉडीला कुठे टेकते का, ते मीटरने बघा. फार जुन्या टेपमध्ये सगळ्या स्पीकरची निगेटिव्ह एकत्र करून बॉडीला जोडायची पद्धत होती. आजच्या स्टीरिओत तसं चालत नाही, स्पीकरच्या दोन्ही वायरींत आउटपुट असतं. पण मधल्या काळात कोणा मिस्त्रीने एक वायर वाचवायला निगेटिव्ह बॉडीला मारून ठेवलेली असते, किंवा दारातल्या पत्र्याच्या कडेवर वायर घासून उघडी पडलेली असते. नवा स्टीरिओ पहिल्याच दिवशी जळतो, आणि दोष कंपनीला दिला जातो.

आता निवड. आधी माप. तुमच्या गाडीच्या पुढच्या दारात साधारण साडेसहा इंची स्पीकरची जागा असते, पण कॅटलॉगवर विसंबू नका. डोअर पॅड काढा, काच पूर्ण खाली करा आणि पत्र्यापासून काचेपर्यंतची खोली पट्टीने मोजा. स्पीकरच्या मॅग्नेटची मागची बाजू तिथे टेकता कामा नये. काच वर असताना स्पीकर छान बसतो, पॅड लावून होतं, गिऱ्हाईक घरी जातं आणि टोलनाक्यावर काच खाली घेतल्यावर ‘कट्’ आवाज येतो, हे मी पाहिलेलं आहे. पॅडच्या आतल्या बाजूचं अंतरही बघा, नाहीतर स्पीकरची पुढची जाळी पॅडला अडते.

खोक्यावरचे मोठे आकडे विसरा. ५०० वॅट हा क्षणभराचा कमाल आकडा असतो. आरएमएस वॅट म्हणून जो छोटा, सतत पेलायचा आकडा असतो तो खरा. तुमच्या स्टीरिओवर ‘५० × ४’ लिहिलेलं असलं तरी गाडीच्या १४ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला तो अखंड देऊ शकतो साधारण २० वॅट. हे कोणत्याही एका कंपनीचं वैगुण्य नाही, १४ व्होल्टमधून अ‍ॅम्प्लिफायरशिवाय तेवढंच निघतं. आणि २० वॅट बाबांच्या गाण्याला पुरेसे आहेत, स्पीकरची सेन्सिटिव्हिटी चांगली असेल तर. सेन्सिटिव्हिटी म्हणजे ठरावीक वॅटमध्ये किती मोठा आवाज निघतो, हा आकडा डेसिबलमध्ये दिलेला असतो. एक स्पीकर ८८ आणि दुसरा ९१ असेल तर दुसरा निम्म्या वॅटमध्ये पहिल्याइतकाच आवाज देतो. फक्त मोजण्याची पद्धत दोघांची एकच आहे का ते बघा. काही कंपन्या १ वॅटवर मोजतात, काही २.८३ व्होल्टवर. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट होतात, त्यामुळे तो आकडा ३ डेसिबल जास्त दिसतो.

ओहम ४ च घ्या. कोन पॉलिप्रॉपिलिनचा आणि कडेची पट्टी रबराची. कागदी कोनाचा गोडवा मला स्वतःला आवडतो, घाटावरच्या कोरड्या गावातल्या गिऱ्हाइकाला मी तो सुचवतोही, पण रत्नागिरीच्या चार महिन्यांच्या पावसात दारातला कागद पाणी धरतो.

कोअ‍ॅक्सिअल की कंपोनंट, हा प्रश्न तुमच्यासाठी सोपा आहे. कोअ‍ॅक्सिअलमध्ये ट्विटर मोठ्या स्पीकरच्या पोटातच असतो, म्हणजे तोही पिंढरीपाशी. कंपोनंटमध्ये ट्विटर वेगळा येतो आणि तो कुठे बसवायचा हे आपण ठरवतो. बाबांना शब्द ऐकायचे आहेत, तेव्हा कंपोनंट. ट्विटर बसवायची जागा म्हणजे बाहेरच्या आरशाच्या आतल्या बाजूचा त्रिकोणी तुकडा किंवा डॅशबोर्डचा कोपरा, तोंड समोरच्या दोन सीटच्या मधल्या जागेकडे. पक्कं भोक पाडण्याआधी दोन दिवस दुहेरी चिकटपट्टीने लावून बाबांना ऐकवा. तोंड अगदी सरळ कानावर रोखलं तर काहींना ‘स’ टोचतो, मग ते थोडं काचेकडे फिरवायचं. ज्या गाड्यांच्या पुढच्या खांबात एअरबॅग असते तिथे खांबावर काहीच बसवायचं नाही.

कंपोनंटबरोबर क्रॉसओव्हरची छोटी डबी येते, ती खालचा आवाज मोठ्या स्पीकरकडे आणि वरचा ट्विटरकडे वाटून देते. ती दारात बसवायला सांगणारे भेटतील. बसवू देऊ नका. दारात पाणी येतंच, ते येणार आणि खालच्या भोकांतून निघून जाणार अशीच दाराची रचना असते. डबी स्टीरिओच्या मागे डॅशबोर्डात ठेवा. तिच्यातून मोठ्या स्पीकरची लाइन दारात जाणाऱ्या जुन्याच वायरीला जोडली जाते आणि ट्विटरची लाइन वरच्यावर आरशाच्या कोपऱ्याकडे नेता येते. ट्विटर आरशाच्या त्रिकोणावर असेल तर मात्र तीही बेलोतूनच न्यावी लागते, म्हणून मला डॅशबोर्डचा कोपरा जास्त पसंत आहे.

यापुढचं काम दुकानदार सहसा करत नाहीत, कारण त्यात वेळ जातो आणि दाखवायला काही चमकत नाही. पण माझ्या मते निम्मा फरक इथे पडतो. स्पीकरचा कोन पुढे येतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते, मागची सैल होते. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं असतात. मागचा आवाज त्या भोकांतून पुढे येऊन पुढच्या आवाजाला भेटला की दोघं एकमेकांना खोडतात, आणि यात सगळ्यात आधी जातो खालचा आवाज. तबल्याचा डग्गा नुसता ‘टप्’ वाजतो, त्याची मींड ऐकूच येत नाही. लोकांना वाटतं वूफर हवा. खरं तर दाराची ही भोकं बंद व्हायला हवीत.

डोअर पॅड काढल्यावर एक प्लास्टिकचा पेपर दिसेल, किंवा जिथे होता तिथे चिकटाचे डाग दिसतील. काच मशीन (काच वर-खाली करणारी यंत्रणा) दुरुस्त करताना तो फाडून फेकलेला असतो. बाहेरच्या पत्र्याला आतून ब्यूटाइलची (चिकट रबरी) डॅम्पिंग शीट, म्हणजे पत्र्याची थरथर थांबवणारा थर, लावा. पत्रा आधी थिनरने पुसून, पूर्ण वाळवून, मग रोलरने दाबून. सगळा पत्रा मढवायची गरज नसते, बोटाने टिचकी मारल्यावर जिथे डब्यासारखा वाजतो तो मधला भाग पुरे. स्वस्तातली डांबराची शीट घेऊ नका, मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ती ओघळते आणि वास सुटतो. आतल्या पत्र्याची मोठी भोकं पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्याने झाकून वरून तीच शीट लावा. काच मशीनसमोरचा तुकडा मात्र स्क्रूवर ठेवा, कधीतरी ते उघडावं लागणारच. आणि दाराच्या तळाशी पाणी जाण्याची जी भोकं आहेत ती चुकूनही बुजवू नका. ती बंद झाली तर पहिल्याच पावसाळ्यात दार खालून सडायला लागेल. आधीच माती साचून बंद झाली असतील तर तारेने मोकळी करा.

स्पीकर थेट पत्र्यावर न ठेवता खाली रिंग द्यायची. ती एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीची) दिली जाते आणि कोकणात ती फुगते. मरीन प्लायची रिंग करून दोन हात ऑइल पेंट द्या, किंवा जाड प्लास्टिकची तयार रिंग मिळते ती घ्या. रिंग आणि पत्रा, रिंग आणि स्पीकर या दोन्ही फटींत पातळ फोमची पट्टी. नवं भोक पाडावं लागलं तर कडेला लगेच प्रायमर. ड्रिल चालू असताना नवा स्पीकर खोक्यातच बंद ठेवा. लोखंडाचा कीस मॅग्नेटला जाऊन चिकटतो, कॉइलच्या फटीत शिरला की नवा स्पीकर पहिल्या दिवसापासून खरखरतो.

वायरिंगमध्ये पीळ मारून टेप गुंडाळलेले जोड दिसले तर सगळे काढा. गरमीत टेपचा गोंद वितळतो, जोड उघडा पडतो. सोल्डर करून हीट-श्रिंक नळी, किंवा नीट क्रिम्प केलेला कनेक्टर. बाजारातल्या स्टीरिओच्या हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) पुढचा डावा पांढरा, पुढचा उजवा राखाडी, मागचा डावा हिरवा, मागचा उजवा जांभळा, आणि काळा पट्टा असलेली ती निगेटिव्ह, असे रंग ठरलेले असतात. गाडीच्या बाजूच्या रंगांवर मात्र विश्वास ठेवू नका, मधे कोणी काय जोडलं ते सांगता येत नाही. पेन्सिल सेल वायरीच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला तर सेलची प्लस ज्या टोकाला होती ते स्पीकरचं प्लस. ही खूण मोठ्या स्पीकरसाठी आहे, ट्विटरवर सेल लावू नका. सगळं जोडून झाल्यावर गाणं लावून बॅलन्स पूर्ण डावीकडे न्या, मग मध्ये आणा. मध्ये आणल्यावर डग्गा कमी झाला तर दोनपैकी एका स्पीकरची प्लस-मायनस उलटी आहे.

अ‍ॅम्प्लिफायर आत्ता नको. पुढे कधी वाटलं तर ५० वॅट आरएमएसच्या चार चॅनलचा साधा घ्या. बॅटरीच्या प्लसपासून दीड फुटाच्या आत फ्यूज असायलाच हवा. बिनफ्यूजची जाड वायर बोनेटमधून आत आणलेली दिसली तर तशी गाडी चालवू नका, बॅटरीचं टोक सोडवून आधी ते नीट करून घ्या. पत्र्यावर घासली की ती पेटते.

स्टीरिओत हाय-पास फिल्टर (ठरावीक आकड्याखालचा आवाज गाळणारा) असेल तर पुढच्या स्पीकरसाठी ८० हर्ट्झवर ठेवा. त्याखालचं ओझं काढलं की तेच २० वॅट गळ्याला मिळतात. लाउडनेस (बास वाढवणारं बटण) बंद. बास शून्यावर, ट्रेबल फार तर दोन घर वर.

खर्चाचं म्हणाल तर नावाजलेल्या कंपनीचा कंपोनंट सेट पाच ते सात हजारांत बघा, दोन दारांची शीट आणि रिंगा यांना दोन-अडीच हजार ठेवा, उरलेली मजुरी. दहा हजारांच्या आसपास भागायला हवं. हात आखडता घ्यायचा असेल तर स्पीकर एक पायरी खालचा घ्या, दाराचं काम कापू नका. काम करणारा माणूस दोन तासांत गाडी देतो म्हणाला तर तो दाराचं काम करणार नाही, हे समजा. मला दोन दारांना जवळजवळ पूर्ण दिवस लागतो.

मागचे ओव्हल काढल्यावर ट्रेची भोकं झाकायला नवा ट्रे मिळाला तर उत्तम. मागे बसणाऱ्याला पुढच्या दारांतून पुरेसं ऐकू येतं, फेडर पूर्ण पुढे ठेवा.

आधी डाव्या दाराचा बेलो हलवून बघा. मग दोन आकडे मोजून कळवा: डाव्या स्पीकरचं मीटरवरचं रीडिंग, आणि काच पूर्ण खाली असताना पत्र्यापासून काचेपर्यंतची खोली. त्या खोलीत नेमके कोणते सेट बसतील ते मग सांगतो.